आरएसओची मंजुरी आणि जुन्या रुग्णालयाने अडवून धरलेले नाव

रेडिओथेरपी विभागात, म्हणजे कर्करोगावर किरणांनी उपचार करणाऱ्या विभागात, मेडिकल फिजिसिस्ट (किरणांची मापने आणि सुरक्षितता पाहणारा भौतिकतज्ज्ञ) होण्याचा रस्ता लांब असला तरी सरळ आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, सुसज्ज केंद्रात १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्यानंतर आरएसओ, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी), लेव्हल थ्रीची परीक्षा, हे सगळे माझे वेळच्या वेळी पार पडले. मी अडकले ती नोकरी बदलताना, आणि तो मनस्ताप अजून ताजा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

लिनॅक किंवा कोबाल्ट यंत्र, म्हणजे किरणोपचाराचे यंत्र, असलेल्या प्रत्येक केंद्रात आरएसओ असावाच लागतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आपले असते, पण आरएसओ म्हणून मिळणारी मंजुरी त्या एका संस्थेपुरतीच असते. रुग्णालयाने एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरून आपले नाव सुचवायचे आणि एईआरबीने ते मंजूर करायचे, अशी पद्धत आहे. नोकरी सोडताना जुन्या संस्थेने आपले नाव तिच्या खात्यातून मोकळे करावे लागते, आणि माझे घोडे नेमके तिथेच अडले.

राजीनामा मी लेखी दिला होता, नोटिशीची मुदत पूर्ण केली होती आणि दैनंदिन क्यूएच्या (यंत्राच्या गुणवत्ता तपासणीच्या) नोंदवह्या सहीनिशी सोपवल्या होत्या. तरीही पोर्टलवर मी त्यांचीच आरएसओ राहिले. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये असत. प्रत्यक्ष गेले की फाइल दुसऱ्या टेबलावर असे. अखेर प्रशासन विभागातल्या एका मॅडमनी खरे कारण सांगितले: “तुमचं नाव काढलं आणि दुसरा आरएसओ नसला, तर आमच्या मशीनच्या परवान्याचं काय होणार?” अडचण खरी होती, पण ती सोडवण्याची जबाबदारी रुग्णालयाची होती. माणूस सोडून जाणार हे लेखी कळल्यावरही पर्याय शोधायचा नाही आणि गेलेल्या माणसाच्या नावावर यंत्र चालू ठेवायचे, हे मला तेव्हाही अयोग्य वाटले आणि आजही वाटते. ज्या आरएसओने विभागात हजर राहून सुरक्षिततेवर लक्ष ठेवायचे, ती तिथे नव्हतीच.

इकडे मराठवाड्यातल्या नव्या रुग्णालयात लिनॅक बंकरमध्ये बसवून तयार होता. वॉटर फँटम (मापनासाठीची पाण्याची टाकी) भरून, आयन चेंबर (किरण मोजणारे उपकरण) लावून, तापमान आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती धरून आम्ही बीमची मापने घेतली होती आणि आकडे अपेक्षेप्रमाणे येत होते. पण मंजूर आरएसओशिवाय रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही, त्यामुळे ट्रीटमेंट काउचवरचे प्लॅस्टिकचे आवरण तसेच होते. स्वागतकक्षातल्या ताईंनी “मशीन कधी सुरू होणार” असे विचारून गेलेल्या रुग्णांची नावे एका वहीत लिहून ठेवली होती, आणि ती वही भरत चालली होती. रेडिओथेरपी बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे सलग घ्यावी लागते. शेतमजुरी करणाऱ्या बाईने त्यासाठी मुंबईत खोली घेऊन राहायचे म्हणजे काय, हे त्या वहीतली नावे वाचताना रोज जाणवत असे.

गाठ सुटली ती दोन गोष्टींमुळे. जुन्या विभागातल्या माझ्या कनिष्ठ सहकारी मैत्रिणीने आरएसओची परीक्षा आधीच उत्तीर्ण केली होती, पण तिचे नाव सुचवण्याचे कोणी मनावर घेत नव्हते. तिची कागदपत्रे मी तिच्याबरोबर बसून लावली आणि नामनिर्देशनाचा अर्ज सादर होईपर्यंत पाठपुरावा केला. दुसरे म्हणजे मी थेट वैद्यकीय संचालकांना पत्र दिले आणि त्यात राजीनाम्याची तारीख व कार्यभार सोपवल्याची पोच जोडली. तिची मंजुरी आल्यावर मला लगेच मोकळे केले गेले. नव्या रुग्णालयाने माझे नाव पाठवले आणि ते मंजूरही झाले. त्या दिवशी मला जितके हायसे वाटले, तितकाच मैत्रिणीच्या मंजुरीचा अभिमान वाटला.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, विभागात दोन फिजिसिस्ट असतील तर दोघांनीही आरएसओची परीक्षा दिलेली असावी आणि राजीनाम्याच्या पत्रातच आरएसओ पदावरून मुक्त करण्याची मागणी तारखेसह लिहावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

टीएलडी बॅजचे, म्हणजे आपल्याला मिळालेला किरणोत्सर्गाचा डोस नोंदवणाऱ्या बिल्ल्याचे, सांगायचे राहिलेच. शेवटचा बॅज परत केल्याची पोच घ्यावी आणि आपला टीएलडी क्रमांक नव्या रुग्णालयाला आवर्जून कळवावा, म्हणजे डोसची जुनी नोंद तुटत नाही. आपल्याकडे कर्मचाऱ्याच्या डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे, त्यामुळे मागची नोंद हाताशी लागतेच. सेवा संपलेल्या कामगाराची डोसनोंद नव्या मालकाने मागितल्यास जुन्या मालकाने ती द्यावी, अशी तरतूद २००४च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत आहे. ती मागताना संकोच करू नये. इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख स्पष्ट आहे ना, हेही केंद्र सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे, कारण नंतर दुरुस्तीसाठी त्याच कार्यालयाच्या पायऱ्या पुन्हा झिजवाव्या लागतात.