ऑक्सिमीटरवर दोघांचेही ८६: मण्यार, विंचू आणि वायुकोशाचं गणित

कोकणातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात पहाटे असे दोन रुग्ण पाठोपाठ येऊ शकतात. पहिला पंचविशीतला. रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात कळ आली, उलटी झाली, आता पापण्या जड झाल्यात आणि शब्द जिभेवर घोटाळतोय. अंगावर चावल्याची खूण शोधूनही सापडत नाही. दुसऱ्याला सरपण काढताना लाल विंचू चावलाय. घामाने निथळतोय, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या, मिनिटाला ४० श्वास आणि आता खोकल्यातून गुलाबी फेस. दोघांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा (सॅच्युरेशन) एकच: ८६ टक्के.

दोघांना सारखाच मास्क लावून पुढे गेलात, तर पहिला रुग्ण तुमच्या डोळ्यांदेखत, मॉनिटरवर उत्तम आकडा दिसत असताना हातचा जाईल. असं का होतं हे समजायला वैद्यकीय शिक्षणात रटलेलं एक समीकरण पुरतं. परीक्षेत ते सगळ्यांना येतं, वॉर्डात फार थोडे वापरतात.

रक्तातला ऑक्सिजन कमी होण्याची पाच कारणं आपण घोकतो: श्वासातल्या हवेतच ऑक्सिजनचा दाब कमी, हायपोव्हेंटिलेशन (श्वास अपुरा पडणं), व्हेंटिलेशन-परफ्यूजन मिसमॅच (हवा आणि रक्त यांचं प्रमाण न जुळणं), शंट (रक्त हवेला न भेटताच पुढे जाणं) आणि डिफ्यूजनचा अडथळा (वायुकोशातून रक्तात ऑक्सिजन झिरपायला अडचण). खाटेपाशी उभं राहिल्यावर मात्र आधी एकच प्रश्न विचारायचा. भाता बिघडलाय की फुप्फुस? भाता म्हणजे मेंदूतलं श्वसनकेंद्र, नसा, डायफ्राम (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा), छातीचे स्नायू, छातीचा पिंजरा. भाता बिघडला की हवा बदलत नाही आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) साचतो. फुप्फुस बिघडलं की हवा आत येते, पण रक्ताला ती मिळत नाही.

समीकरण असं. वायुकोशातला ऑक्सिजनचा दाब काढायला हवेच्या दाबातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करायचे, राहिलेल्याला ऑक्सिजनच्या प्रमाणाने गुणायचं आणि त्यातून सीओटू भागिले ०.८ वजा करायचे. सगळे आकडे मिमी पाऱ्यात. समुद्रसपाटीला ७६० उणे ४७ म्हणजे ७१३, त्याचे २१ टक्के म्हणजे १५०. सीओटू ४० असेल तर ५० वजा, उरले १००. निरोगी तरुणाच्या रोहिणीत यातले ९० ते ९५ पोचतात. वायुकोश आणि रोहिणी यांच्यातला हा फरक म्हणजेच ग्रेडियंट. तो वयाबरोबर वाढतो, म्हणून वयाला ४ ने भागून ४ मिळवायचे आणि ती साधारण वरची मर्यादा धरायची. पंचविशीत सुमारे १०, साठीत १९.

हे १५० सगळीकडे वापरू नका. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ७११ च्या आसपास असतो. म्हणजे श्वासातला ऑक्सिजन १५० नाही, १३९. पुण्यात बसून मुंबईचा आकडा घातलात की प्रत्येक ग्रेडियंट आपोआप ११ ने फुगतो आणि धडधाकट फुप्फुस आजारी ठरतं. भाता की फुप्फुस हा निर्णय अनेकदा एवढ्याच फरकावर येऊन थांबतो, त्यामुळे आपल्या गावचा आकडा एकदा काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आता पहिला रुग्ण. एबीजी (रोहिणीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी): पीएच ७.२३, सीओटू ६५, ऑक्सिजन ६१, बायकार्बोनेट २६. ६५ भागिले ०.८ म्हणजे ८१. १५० उणे ८१ बरोबर ६९. ६९ उणे ६१, ग्रेडियंट ८. फुप्फुस ठणठणीत आहे. ऑक्सिजन जेवढा कमी झालाय तो सगळा साचलेल्या सीओटूने जागा अडवल्यामुळे. मण्यारदंशाचं हे चित्र आहे. (ऑक्सिजनचा दाब ६० असेल तर सॅच्युरेशन ९० टक्के हे तुम्ही पाठ केलंय, मग ६१ ला ८६ कसे? ॲसिडोसिसमुळे, म्हणजे रक्त आम्लधर्मी झाल्यामुळे, दाब आणि सॅच्युरेशनचा वक्र उजवीकडे सरकलाय. तो पाठ केलेला आकडा पीएच ७.४ चा आहे.)

सीओटू साचला कसा, हेही नीट बघण्यासारखं आहे. निरोगी माणूस ५०० मिलीचे १२ श्वास घेतो, मिनिटाला ६ लिटर. प्रत्येक श्वासातले १५० मिली श्वासनलिकांतच राहतात, म्हणून कामाला येतात ३५० गुणिले १२, म्हणजे ४.२ लिटर. स्नायू दुबळे झाले की श्वास उथळ होतो आणि शरीर वेग वाढवून भरपाई करू पाहतं. २७० मिलीचे २२ श्वास धरा. मिनिटाची बेरीज ५.९ लिटर, जवळजवळ तेवढीच. पण वायुकोशांत पोचतात १२० गुणिले २२, फक्त २.६ लिटर. मिनिटाला तयार होणारा २०० मिली सीओटू बाहेर काढायला एवढी हवा अपुरी आहे. २०० ला ०.८६३ ने गुणून या लिटरांनी भागा: ४.२ ला ४१ येतात, २.६ ला ६५ च्या वर. श्वासांची संख्या मोजून ‘२२ आहे, ठीक आहे’ असं केसपेपरवर लिहिणारा या गणितात फसतो. छाती किती उचलते, ते बघायला हवं.

आणि इथे एक घातक गोष्ट आहे. धाप लागल्याची जी चिन्हं आपण शिकतो, नाकपुड्या फुलणं, मानेचे स्नायू ताणले जाणं, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं, ती सगळी दाखवायला स्नायूंत ताकद लागते. मण्यारीच्या विषाने नेमकी तीच गेलेली असते. रुग्ण शांत पडून असतो. म्हणून दर अर्ध्या तासाने चार गोष्टी करायच्या. उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगा, मान उचलता येत नसेल तर डायफ्रामचा नंबर लांब नाही. एका दमात आकडे मोजायला लावा, निरोगी माणूस सहज तिशीच्या पुढे जातो, १५ च्या आत दम संपत असेल तर श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करा. श्वास घेताना पोट वर येतं की आत जातं ते बघा, आत जात असेल तर डायफ्राम थकलाय. आणि लाळ गिळता येते का ते विचारा. स्पायरोमीटर असेल तर व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन बाहेर सोडता येणारी हवा) किलोला २० मिलीच्या खाली जाईपर्यंत थांबू नये.

आता त्याला साध्या मास्कने ५-६ लिटर ऑक्सिजन दिला. प्रमाण साधारण ४० टक्के. ७१३ चे ४० टक्के म्हणजे २८५. दरम्यान सीओटू ८० वर गेला असं धरलं तरी १०० वजा होऊन वायुकोशात १८५ उरतात. ऑक्सिमीटर ९९ दाखवणार. पीएच तोवर ७.२ च्या खाली, रुग्ण गुंगीत, आणि नोंदवहीत ‘सॅच्युरेशन ९९ टक्के, स्थिर’. ऑक्सिजन द्यायचाच, पण तो दिल्यावर ऑक्सिमीटर व्हेंटिलेशनबद्दल काहीही सांगत नाही, हे मनावर कोरून ठेवा. याला उपाय अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी), नळी आणि व्हेंटिलेटर. सोबत पॉलिव्हॅलंट सर्पविषरोधक लस, १० व्हायल, सलाइनमधून तासाभरात, अॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवून. मण्यारीचं विष मुख्यतः नसेच्या टोकालाच इजा करतं. झालेली इजा लस उलटवत नाही, ते टोक पुन्हा उभं राहायला दिवस लागतात. नागाच्या विषाने स्नायूवरचे रिसेप्टर अडतात, म्हणून तिथे निओस्टिग्मिन चांगलं काम करतं आणि मण्यारीत बहुतेकदा निराशा करतं.

दुसऱ्या रुग्णाचा एबीजी: पीएच ७.४२, सीओटू ३०, ऑक्सिजन ५२. १५० उणे ३७, वायुकोशात ११२ च्या आसपास. ग्रेडियंट ६०. भाता जिवाच्या आकांताने चाललाय, बिघाड फुप्फुसात आहे. विंचवाच्या विषाने सोडियम चॅनल उघडे राहतात, कॅटेकोलामाइनचा (अॅड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांचा) पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, डाव्या जवनिकेला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता येत नाही आणि वायुकोश पाण्याने भरतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा वापर रुजवला तो याच साखळीवर बोट ठेवून: अल्फा रिसेप्टर अडवा, आवळलेल्या वाहिन्या सैल करा. किलोला ३० मायक्रोग्रॅम तोंडाने, गरजेप्रमाणे ३ तासांनी पुन्हा. ग्रामीण दवाखान्यात परवडणाऱ्या एका गोळीने हे साधलं, याचं मोल शरीरक्रियाशास्त्र शिकणाऱ्याला अधिक कळावं.

या रुग्णाला ऑक्सिजन दिला की आकडा फारसा हलत नाही, आणि त्याचंही गणित आहे. समजा ३० टक्के रक्त पाण्याने भरलेल्या वायुकोशांवरून तसंच पुढे जातंय, ६० टक्के सॅच्युरेशन घेऊन. उरलेलं ७० टक्के रक्त ९८ टक्के भरतंय. मिसळून १८ अधिक ६८.६, म्हणजे ८६ ते ८७. आता मास्क लावा. चांगल्या वायुकोशांतलं रक्त ९८ चं १०० होईल, त्याहून वर जायला जागाच नाही. विरघळलेला ऑक्सिजन दर मिमीमागे १०० मिली रक्तात ०.००३ मिली, तो थोडी भर घालेल. एकूण ८८, फार तर ९०. जे रक्त हवेला भेटतच नाही त्याला ऑक्सिजनचा काय उपयोग? म्हणून बसतं करायचं आणि सीपॅप (सतत दाबाने हवा देणारा मास्क) लावायचा: दाबाने बंद वायुकोश उघडतात, शिवाय हृदयावरचा भारही उतरतो. मिसमॅचचा भाग जेवढा असेल तेवढा साध्या ऑक्सिजनने सुधारतो, शंटचा नाही. या रुग्णात एक सापळा असा की थकल्यावर सीओटू ३० वरून ४० वर येतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो. ४० श्वास घेणाऱ्याचा सीओटू ४० असणं ही धोक्याची सूचना आहे. दुसरा सापळा गार बोटांचा: नाडीची लहर नीट उमटत नसेल तर ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कानाच्या पाळीला लावून बघा.

दोन्ही बिघाड एकाच वेळी बघायचे असतील तर कीटकनाशक प्यायलेला रुग्ण आठवा. ऑरगॅनोफॉस्फेटने श्वासनलिका स्रावांनी भरतात, तो फुप्फुसाचा बिघाड. स्नायू दुबळे होतात, तो भात्याचा. अॅट्रोपिन छाती कोरडी करतं, म्हणून मात्रा ठरवताना बाहुल्या न बघता छाती ऐकायची. स्नायूंवर मात्र अॅट्रोपिनचा काही परिणाम नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सगळं सुधारलंय असं वाटत असताना, मान उचलता न येणं हे इंटरमीजिएट सिंड्रोमचं (विषबाधेनंतर उशिरा येणाऱ्या स्नायूंच्या दुबळेपणाचं) पहिलं चिन्ह असतं. तेव्हाही ऑक्सिमीटरच्या आधी उशीवरून डोकं उचलायला सांगा.

हे सगळं गणित एबीजीच्या नमुन्यावर उभं आहे आणि नमुना सहज बिघडतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की ऑक्सिजन १५० कडे सरकतो आणि सीओटू खाली येतो. हेपारिन जास्त झालं की सीओटू आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात. नमुना टेबलावर पडून राहिला तर पेशी ऑक्सिजन खात बसतात, म्हणून लगेच तपासा, नाहीतर बर्फात ठेवा. सगळ्यात जास्त वेळा चुकते ती एक साधी नोंद: रुग्ण किती ऑक्सिजनवर होता. मशीन न सांगता २१ टक्के धरतं आणि मास्कवरच्या रुग्णाचा ग्रेडियंट उणे छापतं. उणे ग्रेडियंट शरीरात असूच शकत नाही. तो दिसला की रिपोर्ट परत करा, फॉर्मवर प्रमाण लिहा. आणि एबीजीतलं सॅच्युरेशन ऑक्सिमीटरच्या आकड्याशी ताडून बघा, फार तफावत असेल तर सुई शिरेत गेली असण्याची शक्यता आधी धरा.

मण्यारीचा रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला की काम संपत नाही. फुप्फुसं निरोगी आहेत, तेव्हा उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोला ६ ते ८ मिली श्वास, ऑक्सिजन लागेल तेवढाच, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५. पूर्ण लुळा पडल्यावर त्याच्या बाहुल्या विस्फारून स्थिर होऊ शकतात, पापणी हलत नाही, कुठलाच रिफ्लेक्स मिळत नाही. दिसायला मेंदूमृत्यू, पण तो ऐकत असतो आणि त्याला दुखतही असतं. मण्यारदंशात या चिन्हांवरून नातेवाइकांना वाईट बातमी द्यायची नाही, उपचार थांबवायचे नाहीत, आणि नुसत्या लुळेपणाला गुंगी समजून वेदनाशामक टाळायचं नाही.

ग्रेडियंट रोज काढत राहा. पहिल्या दिवशी ८ असलेला तिसऱ्या दिवशी ५० झाला तर विष सोडून नवं काहीतरी घडलंय: नळी उजव्या ब्राँकसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या श्वासनलिकेत) सरकली, कफाची गुठळी अडकून फुप्फुसाचा एक लोब मिटला किंवा व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया सुरू झाला. दातांपाशी नळी किती सेंटीमीटरवर आहे ते बघा, दोन्ही बाजूंना हवा ऐका, सक्शन करा, मग एक्स-रे मागवा. याच क्रमाने, कारण पहिल्या तिन्हींना मिळून दोन मिनिटं लागतात.