लॉट ७ : गुऱ्हाळाचा गूळ, आल्याची बिअर आणि दोन दिवसांचं कोल्हापूर

मंडळी, लॉट ७, म्हणजे माझ्या घरच्या आल्याच्या बिअरची सातवी खेप, जमला.

झाकण फिरवलं की आधी आल्याचा झणका नाकात येतो. घोट घेतला की गूळ लागतो, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे काहिलीच्या (गूळ उकळायच्या मोठ्या कढईच्या) काठावरची ती खमंग चव रेंगाळते. दिवाळीपासून मी हीच चव शोधत होतो. कृतीत कितीही फेरफार केले तरी ती येत नव्हती, कारण ती गुळात होती. आणि तो गूळ हाताला लागला तो पाहुण्यांना गाव दाखवायला बाहेर पडलो म्हणून. त्यामुळे यावेळची नोंद अर्धी बाटलीची आणि अर्धी भटकंतीची आहे.

नव्यांसाठी थोडं मागचं सांगतो. परवान्याशिवाय घरी बिअर करणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही, म्हणून मी आल्याच्या बिअरकडे वळलो. ही मूळची अठराव्या शतकातल्या इंग्लंडची. १८९२ साली हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं विरजण तपासून दाखवलं की त्यात यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात. आपण जे घरी करतो ते त्याहून साधं आहे. सालासकट किसलेलं आलं एक चमचा आणि साखर एक चमचा, रोज अर्धा लिटर पाण्यात घालत राहायचं. आल्याच्या सालीवरचे यीस्ट आणि जिवाणू पाच-सात दिवसांत फसफसायला लागतात. इकडे डिसेंबरात रात्री गारठा पडतो, तेव्हा मला आठ-नऊ दिवस लागले. पाणी नळाचं असेल तर उकळून गार करूनच घ्या, क्लोरीनने विरजण मरतं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. पितळ-तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नका.

हलका फेस धरला की थेट फ्रीजमध्ये, हा माझा नियम. हायड्रोमीटरवर (द्रवात साखर किती ते घनतेवरून दाखवणारी नळी; साखर आंबते तसा आकडा उतरतो) सुरुवातीचा आकडा १.०२८ असेल तर १.०२५ वर थांबायचं. दोन आकड्यांतला फरक गुणिले १३१, म्हणजे ०.४ टक्क्याच्या आसपास अल्कोहोल. अर्ध्या टक्क्याच्या आत राहायचं हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं आहे.

हा आकडा वाचण्यात लॉट २ ला मोठी चूक झाली, ती सविस्तर लिहितो, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला बरोबर दाखवतो. मी गुळाचं पाणी पुरतं निवू दिलं नाही, ३५ अंशाला मोजलं आणि १.०२४ लिहून ठेवलं. दोन दिवसांनी रात्री, स्वयंपाकघर गार असताना, एक बाटली उघडून फेस जाऊ दिला आणि मोजलं, तर परत १.०२४. मला वाटलं विरजण चाललंच नाही. खरं म्हणजे गरम द्रवात आकडा ०.००४ ने कमी दिसला होता, सुरुवात १.०२८ ची होती आणि बाटलीत तो तेवढाच उतरलाही होता. मी बाटल्या आणखी दोन दिवस ओट्यावर ठेवल्या. पहाटे काचेची एक बाटली फुटली. घरचे सगळे झोपेत होते म्हणून कुणाला लागलं नाही. ओट्याच्या पार पलीकडे तांदळाच्या डब्यामागे काच सापडली तेव्हा माझे हात कापत होते. त्या दिवसापासून मी फक्त सोड्याच्या प्लॅस्टिक बाटल्या वापरतो. बाटली दाबून बघायची, बोट आत जाईनासं झालं की लगेच फ्रीज. आणि द्रव निवल्याशिवाय मोजायचं नाही.

आता गुळाकडे येतो.

लॉट ३ साठी मी बाजारातला सर्वांत देखणा, केशरी-पिवळा गूळ आणला. विरजण तेच, आलं तेच, सहा दिवस बाटल्या मऊच राहिल्या. लॉट ४ ला तोच गूळ, पण पाणी वीस मिनिटं उघड्या पातेल्यात उकळलं. यावेळी चाललं, पण कुंथत. लॉट ५ ला काळपट, सेंद्रिय म्हणून मिळणारा गूळ घेतला आणि दुसऱ्याच दिवशी बाटली दगडासारखी. मी यातून काढलेला अर्थ असा : गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रॉस पावडर टाकतात. त्यातलं गंधक मागे उरतं, आणि गंधकाचा वायू यीस्टला दाबतो. उकळल्यावर त्यातला बराचसा उडून जातो, म्हणून लॉट ४ थोडा तरी चालला. तेव्हा आंबवायला गूळ घेताना रंगावर जाऊ नका. दुकानदाराला सरळ विचारा, आणि तपकिरी, किंचित ओलसर ढेप मागा.

लॉट ६ काकवीचा. काकवी विरघळवावी लागत नाही आणि चव दाट येते. पण आलं मागे पडलं, पुढच्या वेळी काकवी तेवढीच ठेवून आलं दीडपट करणार. हाच लॉट पाहुण्यांसाठी फ्रीजमध्ये होता.

पाहुणे म्हणजे पुण्याचे दोघे आणि बेळगावचा एक, तिघेही बिअरवेडे. भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी (जागेवरच थोडी थोडी ताजी बिअर करणाऱ्या ठिकाणांपैकी) एक २००९ साली पुण्यात सुरू झाली, आणि त्या दोघांना तेव्हापासूनची चव आहे. त्यांचा निरोप एवढाच होता, “तांबडा-पांढरा तर खाऊच, पण तू आम्हाला गाव काय दाखवणार?” मी ठरवलं की गाव चवीच्या वाटेनं दाखवायचं.

शनिवारी सकाळी अंबाबाईचं दर्शन, लवकर, गर्दीच्या आधी. ज्यांना जमेल त्यांनी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी किंवा ९ ते ११ नोव्हेंबर हे दिवस धरून या. किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं गाभाऱ्याकडे येतात. आकाश स्वच्छ असावं लागतं. तिथून चालत चप्पल लाईन. अस्सल कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पायात घालून दहा पावलं चालल्याशिवाय घेऊ नका. नंतर मिसळ. कुठली, यावर आमच्या गावात सख्खे भाऊ भांडतात, म्हणून नाव लिहीत नाही. कट वेगळा मागून घ्या, एवढं सांगतो.

दुपारी उन्हाच्या वेळी टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय. नवा राजवाडा सगळेच बघतात, आम्हीही बघितला. पण तिघेही जास्त वेळ थांबले ते टाउन हॉलमधल्या पोसायडनपुढे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली ही समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती. रोमन जगाशी इथला व्यापार होता याचा तो पुरावा. बेळगावचा मित्र म्हणाला, “म्हणजे परदेशी माल इथं यायला दोन हजार वर्षं झाली.” मला ते वाक्य फार आवडलं.

संध्याकाळी रंकाळा, मग खासबाग. कुस्तीचं हे मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ सालचं आहे. आखाडा खाली आणि बसायच्या पायऱ्या चढत्या, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पैलवानाचा पाय दिसतो. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, ते अजून मनाला लागून आहे. तिथं भेळ खाल्ली. रात्री गंगावेशीत दूध कट्टा. समोर म्हैस, धार काढली की ग्लासात, वर फेस. पुण्याच्या एकाने फेसाकडे बघून, “हे हेड बघ!” (बिअरवरच्या फेसाला हेड म्हणतात) असं म्हटलं आणि फोटो काढत बसला. बिअरवाल्या माणसाला दूध कट्टा दाखवाच.

जेवण घरी. अळणी, नारळाचं दूध आणि खसखशीचा पांढरा, लाल तर्रीचा तांबडा, सुकं मटण, भाकरी. त्यांनी दोन प्रकारचे कॅन आणले होते आणि आम्ही रस्स्याच्या वाट्या मांडून एकेक घोट लावून बघितलं. निकाल स्पष्ट होता. कडू, हॉप्सने (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांनी) भरलेली आयपीए ही बिअर तांबड्याबरोबर अजिबात नको. कडवटपणा, अल्कोहोल आणि फेस तिन्ही मिळून तिखट वाढवतात, एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते, ती पांढऱ्याबरोबर इतकी जमली की वाटी परत भरावी लागली. तांबड्याला साथ दिली ती काकवीच्या लॉट ६ ने. गोडवा तिखट दाबतो आणि आलं रस्स्यातल्या आल्याला जाऊन मिळतं. माझ्या बाटलीला मिळालेली ही पहिली दाद होती आणि ती मी जपून ठेवली आहे. (परवाना आणि वयाचं भान ठेवा. आपल्या राज्यात बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात. गाडी चालवणाऱ्याने दुधावर भागवलं.)

रविवारी पहाटे पन्हाळा, गावापासून वीसेक किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून मी पहिल्यांदाच चढलो. अंबरखान्याची कोठारं बघताना गडावर धान्य साठवायचं म्हणजे काय, ते कळतं. तीन दरवाजा आणि सज्जाकोठी चुकवू नका. १६६० च्या जुलैत महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले ते इथूनच, आणि बाजीप्रभू घोडखिंडीत पडले. गडावर बाटली न्यायची नाही. माझ्याकडे आल्याची बिअरही नव्हती, फक्त पाणी.

आणि परतीच्या वाटेवर गुऱ्हाळ. या दोन दिवसांतली मला सर्वांत मोलाची वाटलेली जागा हीच.

उसाच्या रानात पत्र्याची शेड, चुलाणातून धूर, आणि सगळीकडे तो वास. तुम्ही बिअरसाठी माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) उकळताना कधी उभे राहिला असाल तर तो वास तुम्हाला ओळखीचा वाटेल. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, खाली चिपाडंच जाळतात. एक टन उसाला साधारण शंभर किलोच्या वर गूळ पडतो. रानभेंडीच्या सालीचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहतात. पुण्याचा मित्र मध्येच माझ्याकडे वळून बोलला. बिअर करणारेही वर्ट (माल्टचा गोड रस) उकळताना तो स्वच्छ व्हावा म्हणून असंच काही घालतात, तिथं समुद्रशेवाळाची पूड. आपल्याकडे रानभेंडी, एवढाच फरक.

मी पाक बघणाऱ्या गुळवे मामांना विचारलं, पाक झाला हे किती अंशावर ठरवता? मी वाचलेलं ११५ च्या पुढेमागे होतं.

“पाण्यात टाकून बघा की,” मामा म्हणाले. “गोळी वळली म्हंजे उतरवायचं. घड्याळावर गूळ होत न्हाई.”

त्यांनी वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब सोडला, बोटानं गोळी वळली, वाटीच्या कडेवर टक्कन वाजवली आणि काहील उतरवायला सांगितलं. पाक निवायच्या वाफ्यात ओतला, फावड्यासारख्या हत्याराने हलवत हलवत तो दाट झाला, मग साच्यात गेला. आम्हाला प्रत्येकाला उसाच्या कांडीवर गुंडाळून गरम गूळ दिला. चौघेही गप्प उभे राहून खात होतो.

मी मामांना हायड्रॉसचं विचारलं. ते म्हणाले, आमच्यात टाकत न्हाई, म्हणून आमचा गूळ काळा दिसतो आणि भाव कमी येतो. हे ऐकून मला वाईट वाटलं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं, शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी, आणि आज चांगला गूळ करणाऱ्याला रंगामुळे चार पैसे कमी मिळतात. आपण छंदवाल्यांनी तरी तपकिरी गूळ मागून घ्यावा. मी पाच किलोची ढेप घेतली. मामांनी भाव पाडू दिला नाही आणि मीही पाडला नाही.

लॉट ७ त्याच ढेपेतला. पाच लिटर पाण्याला ४०० ग्रॅम गूळ, २५० ग्रॅम सातारी आलं, सहा लिंबं, पाव लिटर विरजण. गूळ-आलं दहा मिनिटं उकळलं, दुपदरी कापडातून गाळलं (गुऱ्हाळाच्या गुळात चिपाडाची बारीक कुसं असतात, एकदा गाळून भागत नाही), २० अंशाला निवू दिलं, मगच लिंबू आणि विरजण. सुरुवात १.०२८. बावीस तासांनी बाटल्या कडक, आकडा १.०२५. आजवरचा सर्वांत वेगवान लॉट. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ बसतो, तो ओतताना मागे ठेवा.

पुण्याहून फोन आला, चार बाटल्या पाठव. नाही पाठवणार. पाच-सहा तास गाडीच्या डिकीत तापल्या तर आकडा कुठल्या कुठे जाईल आणि लॉट २ मी विसरलेलो नाही. चार बाटल्या फ्रीजच्या मागच्या कप्प्यात राखून ठेवल्या आहेत. गुऱ्हाळं मार्चपर्यंत चालतील, तोवर या.