तिचा केक विकाऊ नाही

रविवार, श्रावणाचा शेवटचा आठवडा

एखाद्या बाईच्या हाताला चव आहे असे कळले की मुंबईत पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग ऑर्डरी का घेत नाहीस? आज माहीमला मैत्रिणीकडे गेले होते, तेव्हा हाच प्रश्न तिच्या मावससासूबाईंनी तिला विचारला, आणि तोही तिच्याच केकचा तुकडा तोंडात असताना. ‘‘मावशी, अजून एक घ्या,’’ एवढेच ती म्हणाली आणि ताटली पुढे केली. हा प्रश्न टाळण्याची तिची पद्धत मला आता पाठ झाली आहे. मावशींनी तुकडा घेतला, प्रश्न मात्र सोडला नाही.

नियमकायद्यांची तिला भीती वाटते, असे मुळीच नाही. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांतून केक विकले जाऊ लागले, तेव्हा तिने सगळी चौकशी करून ठेवली होती. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर तेव्हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे साधी नोंदणी पुरायची आणि तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये होते, हे मला तिनेच सांगितले. एवढे सगळे समजून घेऊन तिने तो कागद कपाटात ठेवून दिला. कारण विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘गिऱ्हाईकाला मागच्या वेळसारखाच केक लागतो. मला दर वेळी तसाच करायचा नाही.’’

हे तिचे कारण मला पूर्ण पटते, कारण तिचे भाजणे मी जवळून पाहिलेले आहे. पाककृतीच्या पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’ असे लिहिलेले असते, पण ती खोली वीस-एकवीस अंशांची असते. मे महिन्यात तिच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेले लोणी पाऊण तासात पातळ होऊन बसते. लोणी आणि साखर एकत्र फेसताना साखरेच्या कणांमुळे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पुढे भट्टीच्या उष्णतेने ते फुगून केक हलका होतो, परंतु लोणी फार मऊ झाले तर ही हवा टिकत नाही आणि केक जड आणि घट्ट होतो. म्हणून ती उन्हाळ्यात भांडे बर्फाच्या परातीत ठेवून फेसते आणि मधूनमधून भांड्याच्या बुडाला हात लावून पाहते. पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. हवेतला ओलावा साखर शोषून घेते, त्यामुळे अंड्याचा पांढरा बलक फेसून केलेली कुरकुरीत बिस्किटे दुपारपर्यंत चिकट होतात. ती फक्त डिसेंबर-जानेवारीत करायची असा तिचा नियम आहे. विक्रीच्या वेळापत्रकात असला ऋतुमानाचा हिशेब कुठे बसणार?

श्रावणात तर तिच्याकडे अंडे बंदच असते. तिला स्वतःला त्याचे काही नाही, पण मजल्यावरच्या बहुतेक घरांत श्रावण पाळतात आणि जो केक शेजारी देता येणार नाही तो करण्यात तिला रस नसतो. आजचा केक दह्यातला होता, रवा आणि ओल्या नारळाचा. दह्यातला आंबटपणा आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटू लागतो, त्यामुळे मिश्रण कालवल्यावर गप्पा मारत उभे राहण्याची सोय नाही. आज तिने आधी ओव्हन तापवला, साच्याला तूप लावून वर मैदा भुरभुरवला, कागद कापून तळाशी बसवला, आणि मगच सोडा घातला. पिठात पहिले बुडबुडे दिसताच तिचे बोलणे थांबले. साचा आत गेला, दार लागले, आणि अर्धवट राहिलेले वाक्य तिने जिथे सोडले होते तिथूनच पुढे सुरू केले. केक झाला की नाही हे ती आईच्या विणकामाच्या जुन्या सुईने पाहते. सुई कोरडी बाहेर आली पाहिजे आणि कडेने केकने साच्याचा हात सोडलेला दिसला पाहिजे. घड्याळाला ती फारशी विचारत नाही.

हा नाद तिला गिरगावात लागला. दिवाळीच्या आधी तिची आई नानकटाईचे पीठ घरी मळून, गोळे वळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून पाववाल्याच्या भट्टीवर भाजायला न्यायची, आणि रांगेत ट्रे सांभाळण्याचे काम हिचे असायचे. 2025 च्या जानेवारीत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा तिने ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली. धूर कमी झालाच पाहिजे, यावर आमचे दोघींचे एकमत होते. तरीही बातमी वाचून झाल्यावर ती बराच वेळ त्या भट्टीच्या दाराविषयी, लांब दांड्याच्या फळीविषयी आणि विजारीला पीठ लागलेल्या पाववाल्याविषयीच बोलत राहिली. ग्रँट रोड स्टेशनसमोरचे, 1914 मध्ये सुरू झालेले मेरवान हे इराणी हॉटेल तिचे दुसरे दैवत होते. तिथला मावा केक सकाळी लवकर गेले तरच मिळायचा, म्हणून ती कधी वाकडी वाट करून जायची, खायची, आणि घरी येऊन आपल्या मावा केकमधली वेलची कमीजास्त करायची. अजून तिचे समाधान झालेले नाही. माझे केव्हाच झाले आहे, पण माझ्या मताला तिथे किंमत नाही.

वाटण्याची तिची रीत मात्र अस्सल आपली आहे. केक पुठ्ठ्याच्या खोक्यातून जात नाही, स्टीलच्या डब्यातून जातो, आणि दिलेला डबा रिकामा परत करायचा नसतो हे या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे वरच्या वहिनींचे लिंबाचे लोणचे, समोरच्या बिऱ्हाडातली खांडवी, एकदा तर नुसती मूठभर साखर, असे काय काय तिच्याकडे परतून येते. मधुमेह असलेल्या आजोबांना ती पातळ, बोटभर फोड देते आणि त्यांच्या सुनेला तसे सांगूनही ठेवते. सोमवारी उरलेला केक लोकलच्या बायकांच्या डब्यात जातो. तिथे कोणी कोणाचे नाव विचारत नाही, पण ‘‘आज काही आणलं नाही का गं?’’ असे हक्काने विचारणाऱ्या दोघीचौघी तिला वांद्रे येण्याच्या आत भेटतातच. अशा पंगतीला दरपत्रक लावायचे कसे, हे मावशींनी सांगावे.

मावशी निघताना तिने त्यांच्या पिशवीत डबा घातलाच. ‘‘पुढच्या आठवड्यात काय करतेस?’’ त्यांनी विचारले. पुढच्या आठवड्यात गणपती. तेव्हा तिचा ओव्हन बंद असतो आणि उकडीचे मोदक तिला अजिबात जमत नाहीत, कळ्या पाडतानाच पारी फाटते. ते तळमजल्यावरच्या काकू करतात, आणि तिच्याच रव्याच्या केकच्या डब्यातून, वर तुपाची छोटी वाटी ठेवून, तिच्याकडे पाठवतात. तेव्हा आज तिने काकूंचा डबा मुद्दाम मोठा भरला.