मूताँ 2000: कागदच नसलेले लेबल अखेर वहीत आले

शातो मूताँ रॉथशिल्ड या बोर्दोच्या वाइन-मळ्याच्या बाटल्यांवरची लेबले मी सालवार एका वहीत जमवतो. त्या वहीत 2000 सालाचे पान फार काळ कोरे होते, कारण त्या बाटलीवर उतरवून घ्यायला कागदी लेबलच नाही, आणि मागील नोंदीत त्याबद्दलची हतबलता मी लिहिलीच होती. ते पान आता भरले आहे. ज्यांच्याकडे या सालाची बाटली आहे किंवा यायची आहे, त्यांच्यासाठी सगळी रीत सविस्तर मांडतो.

अडचण आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धातील विजयाच्या वर्षी, 1945 साली, फिलिप ज्यूलियाँ या तरुण चित्रकाराचा विजयाचा ‘व्ही’ लेबलावर आला, तेव्हापासून पोयाक गावच्या या मळ्याने जवळजवळ दर वर्षी नव्या कलावंताकडून चित्र घेतले. 2000 साली मात्र चित्रकारही नाही आणि कागदही नाही. मळ्याच्या स्वतःच्या संग्रहालयात ऑग्सबर्गच्या सोनाराने घडवलेले, मेंढ्याच्या आकाराचे सोळाव्या शतकातील एक पानपात्र आहे. तोच मेंढा सोनेरी मिन्याच्या उठावात थेट काचेवर उतरवला आहे. त्यामुळे कोमट पाण्यात भिजवणे, वाफ देणे आणि चिकट फिल्म लावून उचलणे या लेबल उतरवण्याच्या आपल्या तिन्ही हुकमी पद्धती येथे निरुपयोगी ठरतात.

आधी मी छायाचित्राचा मार्ग धरला. बाटली फिरत्या पाटावर ठेवून थोडी थोडी वळवायची, दर वेळी मधली अरुंद पट्टी टिपायची आणि त्या पट्ट्या जोडून गोलाकार पृष्ठभाग सपाट उलगडायचा, ही रीत प्राचीन भांड्यांवरील चित्रांसाठी वापरतात आणि ती उत्तम आहे. काळपट काचेवरची चकाकी दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपर लावून आटोक्यात आली. चित्र स्वच्छ मिळाले, पण सपाट मिळाले. ज्या सालाचे वैशिष्ट्यच उठाव आहे, त्याचे गुळगुळीत छायाचित्र वहीत लावणे मनाला पटेना.

म्हणून साचा घ्यायचे ठरवले. दातांचे ठसे घेण्यासाठी वापरतात ते अल्जिनेट स्वस्त असते, पण त्यातले पाणी उडू लागले की ते आकसते आणि बारकावे जातात, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. दंतवैद्यकीय सिलिकोनची पुट्टी आकार धरून ठेवते. मात्र तिचा जाड थर दिला, तर साचा बाटलीची गोलाई तशीच राखतो आणि टेबलावर कमानीसारखा उभा राहतो. तो दाबून सपाट केला की कडा उचलतात, त्यात भरलेला लगदा मध्यभागी जाड आणि कडेला विरळ बसतो, आणि वाळताना मेंढ्याच्या पायांपाशी हमखास चीर पडते. वजन ठेवून पाहिले, मागून प्लास्टरचा आधार देऊन पाहिला, लगदा घट्ट करून पाहिला, चीर हटेना.

उपाय थराच्या जाडीत होता. पुट्टीऐवजी पातळ, वाहते सिलिकोन ब्रशने लावले, ते ओले असतानाच त्यावर मलमलीचा एक तुकडा बसवला आणि वरून आणखी एक हात दिला. हा साचा कापडासारखा लवचीक होतो, टेबलावर अंग टाकून पडतो आणि मलमलीमुळे ताणलाही जात नाही. मिन्याला धोका नको म्हणून आधी एका अक्षराच्या टोकावर चाचणी घ्यावी. माझ्या बाटलीवरील सोनेरी थराला काहीही झाले नाही. पुढे सुती चिंध्यांच्या हातकागदाची कात्रणे भिजवून त्यांचा लगदा केला, त्यात पातळ खळ घातली, तो साच्यात बोटाने दाबत भरला आणि पाणी स्पंजने टिपले. पूर्ण वाळण्याआधी साचा सोडवू नये, एवढे पथ्य पाळावे.

साचा सोलून काढला तेव्हा पांढऱ्या कागदावर मेंढा उभा होता. तिरक्या उजेडात धरल्यावर शिंगाच्या वळणाची कड स्पष्ट दिसते आणि अंगावरच्या लोकरीची वेटोळी नखाला लागतात. अक्षरांच्या बारीक रेषा किंचित बोथट झाल्या आहेत, त्या पुढच्या ठशात लगदा अधिक बारीक वाटून सुधारता येतील. सोनेरी रंग देण्याचा मोह मी टाळला आहे, कारण पांढऱ्यावर सावलीच खरे काम करते. रंगाची बाजू शेजारच्या पानावरील छायाचित्र सांभाळेल.

रिकाम्या बाटल्यांविषयी दोन शब्द. या सालाची रिकामी बाटलीही चांगल्या किमतीला विकली जाते आणि तिच्यात दुसरीच वाइन भरून फसवणूक होण्याची भीती खरी आहे. म्हणून बुडाला छिद्र पाडलेली बाटलीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ज्या विक्रेत्याकडून मला ही मिळाली, त्याने किमतीची चिकटपट्टी थेट मेंढ्यावर लावली होती. तो गोंद काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

हे लिहीत असतानाच वहीची रचना बदलावी असे वाटू लागले आहे. 1953, 1977, 2000 आणि 2003 ही चित्रकाराविना गेलेली साले वर्षानुक्रमातून काढून स्वतंत्र विभागात ठेवली, तर मळ्याचा इतिहास सलग वाचता येईल. 1953 आणि 2003 ही दोन्ही साले नाथानिएल द रॉथशिल्ड यांनी 1853 मध्ये केलेल्या या मळ्याच्या खरेदीशी जोडलेली आहेत. 1977 चे लेबल इंग्लंडच्या राजमातेच्या भेटीचे आहे. 1973 चे पिकासो लेबलही तिकडे न्यावे का, याचा निर्णय होत नाही. ते चित्रकाराचेच आहे, परंतु त्याच वर्षी मूताँला बोर्दोच्या मळ्यांच्या अधिकृत वर्गवारीत पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला, आणि बोर्दोसाठी ते साल बेताचे असूनही त्या लेबलाला मागणी कायम आहे.

मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांचे 2009 चे तांबडे लेबल मात्र वर्षानुक्रमातच राहील. पुढील नोंद चित्रकार बाल्थ्यूसच्या 1993 च्या लेबलांच्या जोडीची असेल. चित्राचे लेबल हाती आहे, अमेरिकेसाठी चित्र गाळून छापलेले कोरे लेबल अजून शोधतो आहे. कोणाकडे ते दुहेरी असल्यास चित्रकार कीथ हेरिंगच्या 1988 च्या लेबलाशी अदलाबदल करायला मी तयार आहे.