अराकावाकाठचं बिऱ्हाड

कराडहून निघताना आईने सामानात लोखंडी तवा घातलाच. "तिकडं काय मिळतंय कुणास ठाऊक," म्हणाली. मार्च २०१९ ची गोष्ट. मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक असे आम्ही तिघं टोकियोच्या पूर्वेला, निशि-कसाईत बिऱ्हाड मांडायला निघालो होतो.

निशि-कसाई एदोगावा वॉर्डात येतं. २००० साल उजाडताना जगभरचे संगणक बंद पडतील अशी धास्ती होती. त्या कामासाठी आलेले बरेच भारतीय इंजिनिअर याच भागात राहिले, कारण तोझाई लाईनची गाडी इथून थेट ओतेमाचीच्या ऑफिसांपर्यंत जाते. त्यामुळे तूरडाळ, पोहे, मोहरी स्टेशनच्या आसपासच मिळतात. आम्ही आलो आणि एप्रिलमध्ये योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. टोकियोच्या निवडणुकीत मराठी माणूस! आम्हाला मत नव्हतं, तरी त्या बातमीने मला फार धीर आला.

खरी अडचण झाली भाकरीची. इथल्या गॅसच्या शेगडीत बर्नरच्या मधोमध बोंडासारखा एक सेन्सर असतो. जास्त तापलं की तो आपणहून आच कमी करतो नाहीतर बंद करतो. घरात आगी लागू नयेत म्हणून २००८ पासून तो सक्तीचा आहे. तव्यावरची भाकरी उचलून विस्तवावर धरावी, तर पापुद्रा सुटायच्या आत ज्योत गुल. पहिले काही दिवस आम्ही तशाच चिवट भाकऱ्या खाल्ल्या. मग लक्ष गेलं ते शेगडीच्या पोटातल्या खणाकडे. तो मासे भाजायचा खण, वर-खाली ज्योत आणि मध्ये जाळी. तव्यावर दोन्ही बाजू शेकून भाकरी त्या जाळीवर सरकवली आणि काचेला नाक लावून बसले. आधी कडेला एक फुगवटा आला, तो सरकत मध्यावर गेला आणि भाकरी टम्म फुगली. लेक ओरडली, "आई, फुगली!" त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

कचऱ्याने मात्र रडवलं. जळणारा कचरा वेगळ्या दिवशी, न जळणारा वेगळ्या दिवशी, बाटल्या आणि कागद आणखी वेगळ्या. एकदा चुकीच्या दिवशी ठेवलेली आमची पिशवी चिठ्ठी चिकटवून तशीच मागे ठेवलेली दिसली. वाचता येईना, पण लाज वाटलीच. दुसऱ्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी रिकामी बाटली घेऊन दारात उभ्या. एक शब्द न बोलता त्यांनी झाकण काढलं, लेबल सोललं, बाटली विसळली, दाबून चपटी केली आणि माझ्या हातात दिली. मग मला खाली नेऊन कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून टाकायची जाळी कडेने कशी खोचायची तेही दाखवलं. माझी जपानी शिकवणी तिथून सुरू झाली.

लेक शाळेत लवकर रुळली. तिच्या खुर्चीला एक जाड, कापूस भरलेली टोपी असायची. धक्का बसला की ती डोक्यावर ओढायची आणि बाकाखाली शिरायचं. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपात आमच्याकडची माणसं कित्येक रात्री अंगणात झोपली, हे ऐकत मी मोठी झाले. ती टोपी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ते सगळं आठवलं.

मे महिन्यात वॉर्डाकडून घरोघर एक पुस्तिका आली. वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, मोठा पूर आला तर पाणी दोन आठवड्यांहून जास्त राहू शकतं, असं त्यात होतं. आणि ठसठशीत अक्षरांत, 'इथे राहून चालणार नाही.' आपल्याच रहिवाशांना इतकं स्पष्ट सांगणारं प्रशासन मी आधी पाहिलं नव्हतं. राग नाही आला, विश्वास वाटला. पुस्तिका फ्रिजवर लावली.

त्याच ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. मी इथून रात्र रात्र आईला फोन करायची, घाटाच्या किती पायऱ्या उरल्या म्हणून विचारायची. ऑक्टोबरमध्ये पाळी उलटली. १२ तारखेला हागिबिस वादळ आलं. सकाळी मोबाईल किंचाळला. आमच्या भागाला घरं सोडायचा सल्ला होता. आम्ही पाणी, पासपोर्ट आणि फडक्यात बांधलेल्या सहा भाकऱ्या घेतल्या. जिन्यात आजी पाठीला पिशवी लावून उभ्या होत्या. "इश्शो नी," म्हणाल्या. बरोबर जाऊ.

रात्र शाळेच्या हॉलमध्ये काढली. सगळे चटया अंथरून, बूट ओळीत लावून, हळू आवाजात बोलत होते. लेक आजींच्या मांडीवर झोपली. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आजींनी थोडी चाखली, मग अर्धी भाकरी मागून घेतली. वारा खिडक्यांना धडका देत होता आणि दर तासाला आईचा फोन. "पाणी कुठवर आलंय?"

आमच्या शेजारची नदी, अराकावा, बांधाच्या आत राहिली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आम्ही चौघं बांधावर गेलो. नदी चहासारखी लाल, काठची खेळाची मैदानं चिखलात. आजी बोलत होत्या आणि मला निम्मं कळत होतं, नवऱ्याने बाकीचं सांगितलं. १९१० च्या महापुरानंतर शहर वाचवायला हे पात्र खणलं, १९३० मध्ये पुरं झालं. एवढी रुंद नदी माणसांनी खणलेली! मी तिथेच आईला व्हिडिओ कॉल लावून पाणी दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

आता पावसाळ्यात तिचा फोन आला की आधी कृष्णेचं सांगते. मग विचारते, "आणि तुझ्या नदीला किती पाणी?"