पाच शेपट्यांचं फूल

स्वीडनमध्ये, उपसालात लेकीच्या घरामागून रेल्वेचे रूळ जातात. जुलैत तिथल्या खडीत पिवळ्या फुलांचे तुरे उभे राहतात. जवळून पाहिलं तर आपल्या बागेतल्या डॉगफ्लॉवरचं धाकटं भावंड. चिमटीत धरून हलकेच दाबलं की नारिंगी ओठ सुटतो, जबडा उघडतो. मागे एक लांब टोकदार शेपटी, तिच्यात मध. लिनारिया व्हल्गॅरिस.

"आई, ते तण आहे," जावई म्हणाले.

असू दे. याच तणाने लिनियसची, म्हणजे वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाची, झोप उडवली होती. 1742 साली एका विद्यार्थ्याला स्टॉकहोमजवळच्या बेटावर हे झाड मिळालं. पानं, खोड सगळं लिनारियाचं, पण फूल गोल नळीसारखं आणि शेपट्या पाच! लिनियसने नाव ठेवलं पेलोरिया, ग्रीकमध्ये राक्षस. गाईला लांडग्याच्या तोंडाचं वासरू व्हावं तसं हे, असं त्याने लिहिलं. सजीवांच्या जाती देवाने एकदाच घडवल्या असं मानणारा माणूस तो, त्याची पंचाईत झाली.

उत्तर मिळायला 1999 उजाडलं. इंग्लंडमध्ये नॉरिचला एन्रिको कोएन या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने डॉगफ्लॉवरमधल्या सायक्लॉइडिया या जीनचं लिनारियातलं भावंड तपासलं आणि 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं. फुलाची वरची बाजू 'वरची' करणं हे या जीनचं काम. पाच शेपट्यांच्या झाडात हा जीन जागेवर होता, पण त्याच्यावर मिथाइलचे, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणांचे, थर बसून तो गप्प झाला होता. वरच्या पाकळ्यांना त्या वरच्या आहेत हे सांगणारंच कोणी नाही, म्हणून पाचही खालच्यासारख्या वाढल्या. शेपटी खालच्या पाकळीची, म्हणून शेपट्या पाच. आणि हे गप्प बसणं बियांतून पुढच्या पिढीत उतरतं.

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं की डीएनएची अक्षरं बदलली तरच वारसा बदलतो. मान ताणताणून पिढ्यांमागून लांब झालेल्या लामार्कच्या जिराफाला वर्गात हसायला लावलं. एकदा एका पोराने पेपरात लिहिलं होतं, 'आजोबा म्हणतात, कमी पाण्यात तगलेल्या ज्वारीचं बी सोशिक निघतं.' मी लाल रेघ मारली, शून्य दिलं. आजोबांच्या म्हणण्यामागे साधी निवडही असेल, जी कणसं तगली त्यांचंच बी राहतं. लिनारियाच्या मिथाइलचाही दुष्काळाशी काही संबंध नाही. पण त्याच 1999 च्या सप्टेंबरात, त्याच 'नेचर'मध्ये रानमुळ्याचा प्रयोग आला होता: अळ्यांनी कुरतडलेल्या झाडांच्या रोपांवर अळ्या कमी वाढल्या. तेव्हा तो अंक माझ्या हाती असता तर निदान अर्धा मार्क दिला असता.

पेलोरियाची आणखी एक खोड आहे. कधी कधी त्याच झाडाच्या एखाद्या फांदीवरचं मिथाइल उतरतं आणि तिथे निमूट एका शेपटीचं फूल येतं.

काल संध्याकाळी कुंपणाला लागून वाकत वाकत शेपट्या मोजत गेले. लेकीने जेवायला हाक मारली तोवर सत्तरेक फुलं झाली होती. सगळी एकेकच.