चौघी ११.७

फोटो फिनिश, म्हणजे समाप्तीरेषेवरच्या फोटोवरून शर्यतीचा निकाल लावणं, शिकायला आलेल्या पंचांना मी पहिल्या दिवशी संगणकाला हात लावू देत नाही. फळ्यावर फिल्मवरून वाचलेल्या चार वेळा, सेकंदांत, लिहितो: ११.७४८, ११.८०९, ११.८११, ११.८१८. बर्लिन, ६ ऑगस्ट १९३६, महिलांच्या ८० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी. पहिली इटलीची ओंदीना वाल्ला, दुसरी जर्मनीची ॲनी श्टॉयर, तिसरी कॅनडाची बेटी टेलर, चौथी परत इटलीचीच क्लाउडिया तेस्तोनी. अधिकृत वेळ मात्र चौघींचीही ११.७. वाल्ला ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी पहिली इटालियन महिला, तेव्हा वय २०. तेस्तोनी तिच्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठी. दोघी बोलोन्याच्याच, लहानपणापासून एकमेकींविरुद्ध धावणाऱ्या.

गेल्या रविवारी वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे सुवर्णपदक फोटोमुळे ठरलं?" मी हो म्हणणारच होतो. जिथे तिथे तसंच छापलेलं असतं आणि मीही इतकी वर्षं तेच सांगत आलो. तोंड उघडण्याआधी फळ्यावर वजाबाकी केली आणि ओशाळलो.

पहिली आणि दुसरीत ६१ हजारांश सेकंद. वेग सेकंदाला सात मीटर धरला तर झाले ४० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे हातभर. एवढा फरक रेषेवर उभ्या असलेल्या अनुभवी पंचाला नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवा. खरा घोळ तिच्या मागे आहे. दुसरी-तिसरीत दोन हजारांश, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर. तिसरी-चौथीत सात हजारांश, म्हणजे पाच सेंटिमीटर. तिघी मिळून करंगळीएवढ्या अंतरात. कॅमेऱ्याची गरज वाल्लाला नव्हती, तेस्तोनीला होती.

मग चौघी ११.७ कशा? हा हाताने घेतलेल्या वेळेचा महिमा. घड्याळवाला बसतो समाप्तीरेषेशी आणि पिस्तूल उडतं ८० मीटर लांब. आवाज तिथून यायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणून धूर दिसला की बटण दाबायचं असतं. धूर बघूनही अंगठा उशिराच हलतो. शेवटी मात्र धावपटू समोरून येताना दिसत असते, त्यामुळे अंगठा तयारच असतो, कधी कधी आधीच दाबतो. सुरुवात उशिरा आणि शेवट वेळेवर, म्हणून हाताची वेळ नेहमी कमी भरते. त्यात ती दशांशातच नोंदलेली, म्हणून चौघींमधला फरक त्यातच बुडाला. आजही हाताच्या वेळेची यंत्राशी तुलना करायची तर छोट्या शर्यतींत ०.२४ सेकंद मिळवतात. आमच्याकडे अजून असे लोक आहेत जे आवाजावर घड्याळ सुरू करतात आणि मग पोरांना भलतीच 'सर्वोत्तम वेळ' लावून देतात. त्यांना सांगून काही उपयोग नसतो.

शिवाय ही शर्यतच बरोबरी व्हावी अशी बांधलेली होती. पहिल्या अडथळ्यापर्यंत १२ मीटर, मग आठ-आठ मीटरवर एकूण आठ अडथळे, शेवटी १२ मीटर मोकळी धाव. अडथळ्याची उंची फक्त ७६.२ सेंटिमीटर. दोन अडथळ्यांमध्ये प्रत्येकीची तीनच पावलं. इतक्या बुटक्या अडथळ्यावर तंत्र थोडं चुकलं तरी फार नुकसान होत नाही. उडी जरा उंच गेली तर हवेतला वेळ वाढतो, मागचा गुडघा घासला तर लय मोडते, पण ते भरून निघतं. पुढे ऑलिंपिकमध्ये १९७२ ला ही शर्यत १०० मीटरची झाली, अडथळे दहा आणि ८४ सेंटिमीटरचे, तेव्हा चुकीला खरी किंमत आली. ८० मीटरचा इतिहास बघा: १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्या दोघी ११.७, १९३६ मध्ये चौघी ११.७, १९४८ मध्ये लंडनला फॅनी ब्लँकर्स-कून आणि मॉरीन गार्डनर दोघी ११.२. लागोपाठ तीन ऑलिंपिक.

बर्लिनचा ट्रॅक कोळशाच्या राखेचा. स्टार्टिंग ब्लॉक ऑलिंपिकमध्ये आले १९४८ ला, त्यामुळे या मुलींनी खुरप्यासारख्या हत्याराने पायासाठी खळगे खणून सुरुवात केली. खळगा ढासळला की पहिलंच पाऊल घसरायचं.

आता कॅमेरा. आज आम्ही वापरतो त्याला एकच उभी फट असते, ती समाप्तीरेषेवर रोखलेली. त्या फटीतून सेकंदाला २,००० उभ्या रेघा टिपून शेजारी शेजारी लावल्या जात असतील तर सात हजारांश म्हणजे पडद्यावर १४ रेघा. कर्सर धडाच्या पुढच्या कडेला लावायचा. डोकं, मान, हात, पाय यांना हिशोबात जागा नाही. नवीन पंच हटकून खांद्याऐवजी उडणाऱ्या केसांवर किंवा फुगलेल्या बनियनवर कर्सर लावतात. शेजारच्या लेनमधला हात धडावर आला तर कडाच दिसत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूलाही कॅमेरा ठेवायचा. बर्लिनला अशी फट नव्हती. तिथे होती फिल्म, एकामागून एक चौकटी आणि त्यावर वेळ. धड रेषेला लागतं तो क्षण बहुतेक वेळा दोन चौकटींच्या मधे पडतो, मग आधीच्या आणि नंतरच्या चौकटीवरून अंदाज बांधायचा. ६१ हजारांशांना तो अंदाज पुरून उरतो. सात हजारांशांना किती पुरतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

वर्गात मग आजचा नियम लावून पाहिला. हजारांश वाचायचे आणि वेळ पुढच्या शतांशावर न्यायची. वाल्ला ११.७५, श्टॉयर ११.८१, टेलर ११.८२, तेस्तोनीही ११.८२. म्हणजे आजही कांस्यपदकासाठी हजारांशच काढावे लागले असते. चित्रावरून दोघींना वेगळं करता येत नसेल तर नियमात बरोबरीची सोय आहे, दोघींनाही पदक मिळतं. त्या मुलीने हात वर केला, "मग दिली का नाही?" मी म्हटलं, चित्र वाचणाऱ्याला कड दिसली असणार. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटत नाही.

वाल्लाचं ते पदक १९७८ मध्ये चोरीला गेलं, १९८४ मध्ये तिला प्रतिकृती दिली. तेस्तोनी १९३८ मध्ये व्हिएन्नाला युरोपियन विजेती झाली आणि १९३९ मध्ये तिने ११.३ चा विश्वविक्रम केला. तोही दशांशातच नोंदलेला, अंगठ्याने दाबलेल्या घड्याळावरचा.